पांढरी तुप्पट्टी, काळा पर्दा

तंजावराहून कुंभकोणमकडे जाणारी सडक भातखाचरे, केळीच्या बागा आणि नागवेलीचे मळे यांच्यामधून वाट काढीत पापनाशमपाशी येते, तेव्हा अय्यंपेट्टै, चक्करापळ्ळी, पंडारवाडै, राजगिरी अशी मोठ्या मुसलमान वस्तीची गावे तिच्यावर एकामागून एक लागतात. आणि अशीच गावे दक्षिणेस कूत्तानल्लूर, मुत्तुपेट्टै, अदिरामपट्टिणम व पूर्वेस समुद्रकाठी नागूर, कारैक्काल अशी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या थेट टोकापर्यंत पसरलेली आहेत. रावुत्तर, मरक्कायर, लब्बै असे या समाजाचे पोटभेद. पण भाषा सर्वांची एकच, तमिळ, आणि तीही उसनी घेतलेली नव्हे, तर जिच्यात आई अंगाई म्हणते ती. या गावांतील ज्या स्त्रियांनी आज सत्तरी ओलांडली आहे, त्यांच्या तरुणपणी घराबाहेर पडावयाचे म्हणजे नेसत्या साडीवरून एक पांढरे शुभ्र, ऐसपैस रुंदीचे, कोठेही न बेतलेले वस्त्र डोक्यावरून घेऊन सर्वांगाभोवती लपेटावयाचे, अशी वहिवाट होती. त्या वस्त्राला तेथे ‘तुप्पट्टी’ म्हणतात. आपला दुपट्टा आणि तान्ह्या मुलाला गुंडाळावयाचे आपले दुपटे यांच्याच कुळातला हा शब्द.

ही तुप्पट्टी अंगावर राहते ती केवळ हाताच्या आधाराने. तिला बटण नाही, बंद नाही, गाठ नाही. डोक्यावरून आलेल्या दोन्ही कडा हनुवटीखाली एका मुठीत धरावयाच्या आणि घराचा उंबरा लागेपर्यंत ती मूठ सोडावयाची नाही. मूल, पिशवी, छत्री, जे काही असेल ते दुसऱ्या हाताच्या वाट्याला. मूठ किंचित सैल केली की चेहरा दिसे, आवळली की एखादाच डोळा. ओळखीचे माणूस समोरून आले तर किती उघडावे आणि परके आले तर किती मिटावे, याचा निवाडा रस्त्याने चालता चालता त्या मुठीत होत असे. मुसलमान स्त्रीच्या वस्त्रावरून गेल्या काही वर्षांत आपल्या देशात आणि परदेशांत जे वाद माजले, त्यांचा विचार करताना मला ही मूठ वारंवार आठवते. कारण या सर्व वादांत भाषणे झाली, फिर्यादी झाल्या, मनाईहुकूम निघाले, दुकानांवरून जाहिराती उतरविल्या गेल्या, परंतु ती मूठ जिची, तिला कोणी काही विचारले असे फारसे दिसत नाही.

कापड हा या किनाऱ्याचा फार पुरातन धंदा. नागूर आणि नागपट्टणमचे मरक्कायर व्यापारी चोळमंडलाच्या मागांवर विणलेले कापड गलबतांत भरून मलाक्का, आचे, पिनांग या बंदरांना नेत. पुरुषांची चौकड्यांची लुंगी, जिला तमिळ मुसलमान ‘कैली’ म्हणतात आणि जिचा एक नामांकित प्रकार पुलिकत ऊर्फ पळवेरकाडू या गावावरून पालयकाट म्हणून ओळखला जातो, ती याच व्यापाराची खूण. जेथे जेथे हे व्यापारी वसले तेथे त्यांनी आपला पीरही नेला: पिनांगमध्ये नागूरच्या शाहुल हमीद अवलियाच्या स्मरणार्थ दर्गा आहे, सिंगापुरातही १८२८ ते १८३० या काळात बांधलेला आहे. मूळ नागूरच्या दर्ग्याला पाच मिनार आहेत, आणि त्यांतला सर्वांत उंच, १३१ फुटांचा, तंजावरच्या मराठी राजाने, प्रतापसिंहाने बांधला, ही गोष्ट मराठी वाचकाने अवश्य ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुत्रप्राप्तीचा नवस फळला म्हणून राजाने तो बांधला असे परंपरा सांगते. त्याच्यामागून गादीवर आलेल्या तुळजाराजाने दर्ग्याला गावे इनाम दिली. आणि समाधीवर पांघरावयाचे वस्त्र देण्याचा मान एका हिंदू घराण्याकडे चालत आलेला आहे. अवलियाच्या अंगावरचे वस्त्र हिंदूच्या घरून येते, यात त्या मुलुखात कोणाला काही विपरीत वाटत नाही.

आणखी एक लहानशी खूण सांगतो, कारण ती डोळ्यांसमोर असूनही सहज निसटते. तमिळ हिंदू विवाहात वधूच्या गळ्यात जी ताली बांधतात तिच्यात काळे मणी नसतात; पिवळा दोरा किंवा सोन्याची साखळी आणि त्यात सोन्याचे पदक, एवढेच तिचे रूप. तमिळ मुसलमानांच्या लग्नात मात्र वधूच्या गळ्यात काळ्या मण्यांचा सर घालण्याची रीत आहे. त्याला ते ‘करुगमणी’ म्हणतात. तंजावरच्या पश्चिम राजवीथीतील एखादी मराठी सुवासीण आणि राजगिरीची एखादी रावुत्तर गृहिणी कापडाच्या दुकानात योगायोगाने शेजारी उभ्या राहिल्या, तर त्या सबंध दुकानात गळ्यात काळी पोत असलेल्या बहुधा त्या दोघीच असतील.

तुप्पट्टीची जागा काळ्या शिवलेल्या वस्त्राने घेतली ती १९८० नंतरच्या दोन-अडीच दशकांत. त्यापूर्वी या गावांचे पुरुष ब्रह्मदेश, मलाया, सिंगापूर, हिंदी चीन येथे दुकानदारीसाठी जात. १९७० नंतरच्या दशकात तेलाच्या किमती चढल्या आणि ओघ अरबस्तानाकडे, दुबई, कुवेत, सौदी अरबस्तान यांकडे वळला. पैसे आले, त्यांच्यासोबत पेट्या आल्या, आणि पेट्यांतून तिकडचे काळे अबाया आले. हे सर्वमान्य आहे आणि खरेही आहे. परंतु ‘अरबांचे अनुकरण’ एवढ्या दोन शब्दांत या स्थित्यंतराची बोळवण करणारे लोक एका साध्या व्यवहाराकडे दुर्लक्ष करतात असे मला वाटते. तुप्पट्टीला एक हात लागतो. ज्या पिढीला गल्लीतून गल्लीत, फार तर दर्ग्यापर्यंत जावयाचे होते, तिला तो एक हात देणे परवडत होते. ज्या मुलीला सकाळी आठच्या बसमध्ये दांड्याला लोंबकळत कुंभकोणमच्या किंवा तंजावरच्या कॉलेजात जावयाचे आहे, एका खांद्यावर पुस्तकांची पिशवी आणि हातात जेवणाचा डबा आहे, तिला तो परवडत नाही. बाह्या असलेले, पुढून बटणांनी मिटणारे वस्त्र दोन्ही हात मोकळे करते. आपल्याकडे नऊवारी जाऊन पाचवारी आली ती काही कोणा धर्मोपदेशकाच्या हुकुमावरून नव्हे. शाळा, कचेरी, आगगाडी यांनी ती आणली. तेथेही बस आणि कॉलेज यांचा वाटा मोठा आहे, आणि अरबी पैशाचा वृत्तांत सांगणाऱ्याने तोही सांगितला पाहिजे.

या वस्त्राला गावात कोणी अबाया म्हणत नाही, बुरखा तर नाहीच; सरसकट शब्द ‘पर्दा’. कुंभकोणमच्या बाजारपेठेत पर्दा विकणारी दुकाने आहेत आणि साडीच्या मोठ्या दुकानांतही त्याचा एखादा कोपरा असतो. भिंतीला खुंट्यांवर ओळीने टांगलेले नग लांबून सगळे सारखेच काळे दिसतात. जवळ गेले की भेद उमटू लागतात. एक निदा नावाच्या कापडाचा, मऊ, लोंबता, घाम न दाखविणारा. एक क्रेपचा, किंचित खरखरीत. एकाच्या बाहीच्या टोकाला त्याच काळ्या रंगाचे भरतकाम, जे उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही. एकाचा घेर छत्रीसारखा, एकाचा सरळ. अलीकडे गडद निळे, तपकिरी, जांभळेही असतात. आई कापडाची कड अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून चोळून पाहते, मुलगी बाही लावून आरशापुढे हात वरखाली करते, आणि पलीकडे उभा असलेला दुकानातला मुलगा, ज्याच्या कपाळावर विभूतीचे पट्टे असतात, ‘पारुंगक्का, पारुंगक्का’ (पाहा अक्का, पाहा) म्हणत आणखी एक नग खुंटीवरून काढतो. घासाघीस होते. आईला वाटते घेर कमी आहे, मुलीला वाटते जास्त आहे. शेवटी मध्यम घेराचा नग घेतला जातो. निदाचे हे काळे कापड विणण्यात जपान आणि कोरिया येथील गिरण्यांचे नाव मोठे. तेव्हा जपान-कोरियातील गिरणीवाला, दुबईचा घाऊक व्यापारी, कुंभकोणमचा हिंदू विक्रेता आणि राजगिरीचे मुसलमान गिऱ्हाईक, एवढी माणसे त्या एका नगाला जोडलेली असतात.

या पर्द्यावरून पहिला वाद झाला तो समाजाच्या आतच, आणि त्याची दखल बाहेरच्यांनी क्वचितच घेतली. दर्गा, कंदूरी म्हणजे उरुसाचा उत्सव, झेंड्याची मिरवणूक यांना धर्मबाह्य मानणाऱ्या शुद्धीकरणवादी चळवळीने, जिचे सर्वांत संघटित रूप २००४ साली स्थापन झालेली तमिळनाडू तौहीद जमात हे होय, स्त्रीच्या पर्द्याविषयी आग्रह धरला. उलट बाजूने जुन्या पिढीतील कित्येकांना पांढऱ्या तुप्पट्टीच्या जागी आलेला काळा रंग परका, या मातीशी नाते नसलेला वाटला. पण या दोन्ही पक्षांत बोलणारे प्रायः पुरुषच. स्त्रियांचे बोलणे ऐकावयाचे असेल तर त्रिभुज प्रदेशाच्या वेशीबाहेर, थोडेसे पश्चिमेस जावे लागते. तिरुच्चीजवळच्या तुवरंकुरिच्चीच्या सल्मा या कवयित्रीला वयात येताच शाळा सोडावी लागली आणि घरातच कोंडून घ्यावे लागले. चोरून लिहिलेल्या तिच्या कवितांनी आणि २००४ मध्ये आलेल्या कादंबरीने तमिळ मुसलमान घराच्या आतील बाजूवरचा पडदा सारला. पुदुक्कोट्टैच्या दाऊद शरीफा खानम यांनी तर, गावच्या जमातीत, म्हणजे मशिदीच्या पंचायतीत, तलाक आणि हुंड्याच्या तक्रारींचा निवाडा पुरुषच करतात आणि फिर्यादी बाईला दाराशीही येऊ देत नाहीत म्हणून, स्त्रियांची स्वतंत्र जमात उभी केली. या दोघींचे झगडे वस्त्राच्या रंगापाशी थांबले नाहीत. शाळा, मालमत्ता, न्यायनिवाडा हे त्यांचे विषय. मुसलमान स्त्रीची कणव ज्यांना खरोखरच वाटते त्यांनी आपली कणव या विषयांवर खर्च करून पाहावी.

बाहेरचा वाद निराळा. तो उठला पर्द्यावरून नव्हे, जाहिरातींवरून. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्क या दागिन्यांच्या पेढीने पाऊण मिनिटाची एक जाहिरात काढली: मुसलमान घरात लग्न होऊन आलेल्या हिंदू सुनेचे डोहाळजेवण सासू करते, आणि तुमच्या घरी तर ही रीत नाही, असे सुनेने म्हणताच, लेकीला सुखी ठेवण्याची रीत सर्वच घरी असते अशा अर्थाचे उत्तर देते. दृश्याची मांडणी दक्षिणी होती; तमिळमध्ये ज्याला ‘वळैकाप्पु’ म्हणजे बांगड्या भरण्याचा समारंभ म्हणतात, त्याच धाटणीची. ज्या कंपनीची ही पेढी, ती टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून उभारलेली. जाहिरातीवर काहूर माजले, बहिष्काराच्या घोषणा झाल्या, आणि आपल्या नोकरांच्या व दुकानांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन कंपनीने ती मागे घेतली. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, पाळी आली फॅबइंडियाची. हातमागाचे कपडे विकणाऱ्या, १९६० सालापासून चालत आलेल्या या कंपनीने दिवाळीच्या सुमारास एका वस्त्रमालिकेला ‘जश्न-ए-रिवाज’ असे नाव दिले. खासदार तेजस्वी सूर्या आदींनी हिंदू सणांचे हे ‘अब्राहमीकरण’ आहे असा आक्षेप घेतला, आणि ही मालिका दिवाळीची नव्हेच असा खुलासा करीत कंपनीने तीही जाहिरात काढून टाकली. त्याच हंगामात मराठी वाचकांना परिचित असलेल्या लेखिका शेफाली वैद्य यांनी, सणाच्या जाहिरातीतील स्त्रीच्या कपाळी टिकली नसेल तर त्या दुकानात खरेदी करू नये, अशी ‘नो बिंदी, नो बिझनेस’ नावाची मोहीम सुरू केली.

या मोहिमेचा न्याय्य भाग प्रथम मान्य केला पाहिजे. आपल्या सणासाठी आपल्यालाच माल विकू पाहणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या सणाची खूण पुसू नये, असे गिऱ्हाइकाने म्हणावे यात गैर ते काय? पैसा तिचा, कपाळ तिचे, टिकली तिची. मागणे वाजवी आहे. परंतु हे मागणे ज्या तत्त्वावर उभे आहे ते तत्त्व एकाच दारी नेऊन थांबविता येत नाही. गिऱ्हाईक आपल्या श्रद्धेची खूण बाजारात मागू शकते, हे जर खरे, तर राजगिरीच्या मुलीला बाहीला भरतकाम केलेला मध्यम घेराचा पर्दा मागता आला पाहिजे, आणि तिच्यासारखी दिसणारी एखादी मुलगी जाहिरातीत झळकली म्हणून कोणाचा सण बुडाला असे समजण्याचे कारण नाही. एकीचा हक्क तो हक्क आणि दुसरीचा तो कट, असा भेद करणारी मोजपट्टी कापडाच्या कोणत्याही दुकानात चालणार नाही.

आणि शब्दांचेच म्हणाल तर ‘रिवाज’ या शब्दाला मराठीने केव्हाच घरात घेतले आहे. ‘रीतिरिवाज’ म्हणताना त्याचा पूर्वार्ध संस्कृत आणि उत्तरार्ध अरबी आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. आपले वस्त्रविषयक शब्द पाहा: पोशाख, रुमाल, शाल, अस्तर, मखमल, किनखाप, पायजमा हे सर्व फारसी-अरबीच्या वाटेने आले, ज्या जरीवाचून पैठणी नाही ती जर फारसी, आणि ज्या रेशमावाचून जरीला आधार नाही ते रेशीमही फारसीच. तंजावरच्या मराठी दरबाराचे मोडी दफ्तर याच मिश्र भाषेत लिहिलेले आहे, आणि तिला इस्लामी म्हणण्याची बुद्धी त्या काळच्या एकाही चिटणिसाला झाली नाही. भाषेचा दुसरा एक साक्षीपुरावा मात्र आपल्याला अंतर्मुख करणारा आहे. ‘पदर’ या शब्दाभोवती मराठीने केवढी माया जमविली आहे! पदर पसरणे, पदरी घेणे, पदरमोड करणे, पदरचे माणूस. उलट ‘बुरखा’ या शब्दाला आपण मुख्यतः दिला तो वाक्प्रचार, बुरखा फाडणे. डोक्यावरून घेतलेली दोन वस्त्रे. एकात आपण शालीनता पाहिली, दुसऱ्यात कपट. न्यायासनावर बसण्यापूर्वी न्यायाधीशाने आपल्या भाषेतील हा पूर्वग्रह जाणून घ्यावा.

युरोपातील प्रकरणे थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण त्यांचा साचा एकच आहे. जानेवारी २०१६ मध्ये दोल्चे अँड गब्बाना या इटालियन पेढीने अबायांची मालिका काढली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये फ्रान्सच्या मंत्री लोरांस रोसिन्योल यांनी अशा वस्त्रांच्या व्यापारावर कठोर टीका केली आणि विख्यात उद्योगपती प्येर बेर्जे यांनी वस्त्रकारांचे काम स्त्रीला सुंदर करण्याचे आहे, तिला झाकण्यास हातभार लावण्याचे नव्हे, अशा आशयाचे उद्गार काढले. त्याच उन्हाळ्यात फ्रान्समधील अनेक नगरपालिकांनी बुर्किनी या सर्वांग झाकणाऱ्या पोहण्याच्या पोशाखाला किनाऱ्यावर मनाई केली. त्यांपैकी एक मनाई तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २६ ऑगस्टला तहकूब केली. २०१९ मध्ये डेकॅथलॉनने धावणाऱ्या स्त्रियांसाठी काढलेला हिजाब फ्रान्समध्ये विकण्याचा बेत विरोधामुळे सोडला. व्यापाऱ्यांचे गणित सरळ होते: थॉमसन रॉयटर्स आणि दिनारस्टँडर्ड यांच्या अहवालाने २०१५ साली जगातील मुसलमानांचा वस्त्रावरील खर्च २४३ अब्ज डॉलर धरला होता, आणि त्यात मर्यादशील वस्त्रांवर मुसलमान स्त्रियांनी केलेला खर्च ४४ अब्ज. हे आकडे पुढे करून व्यापाऱ्याला उदारमतवादी ठरविण्याची गरज नाही. तो नफ्यासाठी येतो आणि गोंगाट झाला की नफ्यासाठीच पळतो. त्याच्या येण्याने जी स्त्री हरखते आणि पळण्याने जी अपमानित होते, ती मात्र जागच्या जागीच राहते.

जाहिरातीवरचा वाद शेवटी माणसापर्यंत येऊन पोहोचतो, आणि कावेरीच्या प्रदेशात तो कसा पोहोचला याची नोंद येथे केली पाहिजे. नागपट्टणमहून वेदारण्यमकडे जाणाऱ्या वाटेवर तिरुप्पूंडी हे गाव आहे. तेथील सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मे २०२३ मध्ये एके रात्री पाळीवर असलेल्या तरुण मुसलमान डॉक्टर बाईला, रोग्याला घेऊन आलेल्या भारतीय जनता पक्षाच्या एका स्थानिक कार्यकर्त्याने, कामावर हिजाब का घातला आहे आणि ती खरोखर डॉक्टरच आहे कशावरून, असे विचारीत हुज्जत घातली; तो तिचे चित्रण करीत होता, तिनेही त्याचे केले. चित्रण पसरले, इतर पक्षांनी निषेध केला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. रात्रीच्या वेळी खेड्यातल्या दवाखान्यात डॉक्टर हजर असणे ही आपल्या देशात अजून भाग्याची गोष्ट आहे. ती हजर होती, तिचे दोन्ही हात मोकळे होते, आणि प्रश्न मात्र तिच्या डोक्यावरच्या वस्त्राविषयी विचारला गेला. या घटनेत दोन बाजू समतोल मांडाव्यात असे मला वाटत नाही. त्या बाईवर अन्याय झाला.

हिजाबला मनाई करणाऱ्या कर्नाटकातील कॉलेजांच्या प्रकरणात तेथील उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी, हिजाब हे धर्माचे अनिवार्य अंग नव्हे, असा निकाल दिला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या अशाच मनाईला ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंशतः स्थगिती दिली, तेव्हा टिकली-टिळ्यालाही मनाई करणार का, असा प्रश्न न्यायासनावरूनच आला. तमिळनाडूत तर याच्या उलट बाजूचा हुकूमही निघालेला आहे: नोव्हेंबर २०१५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने मंदिरांत येणाऱ्या स्त्रियांनी साडी, अर्धी साडी किंवा ओढणीसह चुडीदारच घालावा असे फर्मावले होते, आणि त्यालाही पुढे वरच्या पीठाने स्थगिती दिली. एका दारी अंग झाकावे म्हणून हुकूम, दुसऱ्या दारी डोके उघडावे म्हणून. हुकूम ऐकावयाचा स्त्रीनेच.

झाकणे म्हणजे दास्य आणि उघडणे म्हणजे मुक्ती, हे समीकरण दक्षिणेच्या इतिहासात टिकत नाही. त्रावणकोरात नाडार स्त्रियांना वरच्या जातींसमोर छाती झाकण्याची बंदी होती. त्यांनी कित्येक दशके लढून, मार खाऊन, वस्त्रे फाडून घेऊन २६ जुलै १८५९ च्या जाहीरनाम्याने अंग झाकण्याचा अधिकार मिळविला. त्यांच्या लेखी चार हात कापड हेच स्वातंत्र्य होते. आणि त्याच १८५९ साली तंजावरच्या एका मराठी राणीच्या फिर्यादीचा निकाल लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये लागला. राजा शिवाजी १८५५ मध्ये पुरुषसंतती न ठेवता वारला. कंपनी सरकारने राज्याबरोबर राजवाड्यातील खाजगी मालमत्तेवरही जप्ती आणली. तेव्हा थोरली राणी कामाक्षीबाई हिने सरकारला कोर्टात खेचले. निकाल तिच्याविरुद्ध गेला, पण जगातील सर्वांत बलाढ्य सत्तेवर दावा लावणारी ही बाई गोषात राहणारी होती. हा गोषा मराठा राजकुळांचा, तो आपण विसरलो. तमिळांनी तो शब्द जपून ठेवला आहे. मद्रासच्या तिरुवल्लिक्केणीत १८८५ साली जातवंत आणि गोषातील स्त्रियांसाठी म्हणून काढलेल्या रुग्णालयाला, त्याचे नाव केव्हाच बदलले असले तरी, लोक अजून ‘गोषा आस्पत्री’ म्हणतात. आणि तेथे हिंदू व मुसलमान दोन्ही घरांच्या पडदानशीन स्त्रिया येत.

तुप्पट्टीविषयी पुस्तकांत फारसे लिहिलेले नाही. जे आहे ते त्या सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांच्या स्मरणात आहे: कापड कोठल्या मागाचे असे, शुभ्रता राखण्यासाठी परटाला काय सांगावे लागे, मूठ केव्हा सैल करावयाची आणि केव्हा नाही, आणि नातीने काळा पर्दा घेतला तेव्हा त्यांना काय वाटले. तंजावरास सरस्वती महाल ग्रंथालयातील पोथ्या पाहावयास जाणारे मराठी अभ्यासक दरवर्षी असतात. त्यांना माझी विनंती आहे, की एक दिवस काढून त्यांनी कुंभकोणमच्या त्याच सडकेने पापनाशमपर्यंत यावे, सोबत तमिळ जाणणारी एखादी भगिनी आणावी, आणि या वृद्धांना त्यांच्या तुप्पट्टीविषयी विचारून ते लिहून घ्यावे. फार वर्षे हाती उरलेली नाहीत.